पेनांगचा एक दिवस: क्रूझवरून उतरून पायी खाद्यभ्रमंती कशी करावी

सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर हल्ली मराठी कुटुंबं खूप दिसतात. तीन-चार रात्रींच्या फेरीत मलेशियातल्या पेनांगचा थांबा अनेकदा असतो. त्या दिवशी काही जण "तिथे काय बघायचंय" म्हणून जहाजावरच राहतात. बाकीचे बसमध्ये बसतात आणि पेनांग हिल व केक लोक सी मंदिर करून येतात. दोन्ही ठिकाणं चांगलीच आहेत, पण सहा-सात तासांच्या थांब्यातला बराचसा वेळ बसमध्ये आणि रांगेत जातो.

पेनांगची गंमत अशी की जहाज जुन्या शहराच्या अगदी उंबरठ्याशी लागतं. स्वेटनहॅम धक्क्याच्या फाटकातून बाहेर आलात की समोर राणी व्हिक्टोरियाच्या नावाचा घड्याळाचा मनोरा, बाजूला फोर्ट कॉर्नवॉलिस, आणि दहा मिनिटांत लिटल इंडिया. हे जुनं शहर म्हणजे जॉर्जटाउन, ते २००८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. म्हणून माझं सरळ मत आहे: पहिल्यांदा उतरत असाल तर गाडी करू नका. एखादा चांगला स्थानिक गाइड धरा, चाला आणि चालता चालता खा. कोकणातल्या चवीवर वाढलेल्या माणसाला तर इथे दर दोन गल्ल्यांनी घरचं काहीतरी सापडतं. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी जहाजाची वेळ, मग बाकी सगळं

बंदरावरच्या दिवसाचं गणित नेहमी उलटं मांडायचं. जहाज किती वाजता सुटणार हे बघू नका. शेवटचा प्रवासी किती वाजेपर्यंत आत हवा, ते बघा. ही वेळ सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची असते आणि रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत व उतरण्याच्या दारापाशी लिहिलेली असते. तिचा फोटो काढून ठेवा.

उदाहरण घेऊ. जहाज दुपारी एकला लागलं आणि साडेसातपर्यंत परत यायचं आहे. एकला लागलं म्हणजे तुम्ही एकला रस्त्यावर नसता. जहाज बांधणं, परवानगी, लिफ्टची गर्दी, इमिग्रेशनची रांग या सगळ्यात पाऊण ते एक तास सहज जातो. तेव्हा टूर सव्वादोनच्या आधीची घेऊ नका. साडेतीन तासांची टूर पावणेसहाला संपते. पुढे धक्क्यापर्यंत वीस-पंचवीस मिनिटं चाल आणि आत जाताना तपासणी. तरीही तासभर हाताशी उरतो. हा तास खरेदीला वापरू नका, तो पावसासाठी आणि अडचणीसाठी आहे.

घड्याळाबद्दल एक गोष्ट. सिंगापूर आणि पेनांगची वेळ एकच आहे, भारतापेक्षा अडीच तास पुढे. पण फेरीत फुकेतही असेल तर थायलंड एक तास मागे आहे, आणि मोबाइल आपोआप वेळ बदलतो. जहाज कोणत्या वेळेवर चालणार हे स्वागत कक्षात विचारून घ्या आणि कुटुंबातल्या एकाच्या मनगटावर साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

टूर ठरवताना काय विचारायचं

पर्याय दोन असतात: जहाजाने ठेवलेली सहल किंवा आपण बाहेरून ठरवलेली. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं. बाहेरच्या टूरला उशीर झाला तर थांबत नाही, आणि पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावं लागतं. म्हणून फुकेत किंवा लांबच्या जागांसाठी मी जहाजाची सहल घ्यायला सांगेन. पेनांगमध्ये मात्र सगळी भ्रमंती धक्क्यापासून चालण्याच्या अंतरात असते, त्यामुळे बाहेरचा गाइड घ्यायला हरकत नाही. तो स्वस्त पडतो, आणि घोळका चाळीसऐवजी आठ-दहा जणांचा असतो. पदपथ अरुंद आहेत. चाळीस माणसांना एका गाडीसमोर उभं राहून काही खाता येत नाही.

मलेशियात गाइडला पर्यटन मंत्रालयाचा परवाना लागतो. तो आहे का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. परवानाधारक गाइडच्या गळ्यात बिल्ला असतो. त्यासोबत आणखी चार गोष्टी लेखी विचारून घ्या. जहाज पेनांगला लागलंच नाही तर पैसे परत मिळतील का? खराब हवेमुळे असं होऊ शकतं. भेटायची जागा धक्क्याच्या फाटकाबाहेर नेमकी कुठे? खाण्याचे पैसे टूरमध्येच धरलेत की वेगळे? आणि वाटेत कुठल्या दुकानात खरेदीचा थांबा आहे का?

हा शेवटचा प्रश्न मी पहिल्या खेपेला विचारला नव्हता. तीन तासांच्या फेरीतली चाळीस मिनिटं आम्ही एका चॉकलेटच्या दुकानात उभे होतो, आणि आईला जी गोष्ट चाखायची होती ती राहून गेली. दुसऱ्या खेपेला "खरेदीचा थांबा नको" असं आधीच लिहून दिलं आणि दिवस वेगळाच गेला.

पाचवा प्रश्न खास दुपारच्या थांब्यासाठी: त्या वेळेला कोणकोणत्या गाड्या उघड्या असतील? पेनांगच्या खाऊगाड्यांना आपापली वेळ असते. सकाळच्या नाश्त्याच्या दुपारी आवरतात आणि संध्याकाळच्या पाच-सहाच्या सुमाराला लागतात. मधले तीन तास सुने असतात. जो गाइड "सगळं मिळेल" म्हणतो त्याच्यापेक्षा "हे मिळेल, ते मिळणार नाही" असं सांगणारा घ्या.

कागद, पैसे, चप्पल

भारतीय पासपोर्टला १ डिसेंबर २०२३ पासून मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत मुदतीची आहे, तेव्हा निघताना एकदा तपासा. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं आणि त्याला पैसे पडत नाहीत. क्रूझच्या प्रवाशांनी काय करायचं ते जहाजाच्या सूचनेप्रमाणे करा. सिंगापूरचा व्हिसा एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे घरीच बघा, कारण क्रूझनंतर तुम्ही सिंगापूरमध्ये पुन्हा प्रवेश करता. काही जहाजांवर पासपोर्ट जहाजच ठेवून घेतं. त्याची छायाप्रत आणि जहाजाचं कार्ड खिशात असू द्या.

मलेशियाचं चलन रिंगिट, त्याचा रुपयातला दर निघताना बघून घ्या. खाऊगाड्यांवर सुटे पैसे सोयीचे पडतात, म्हणून एक, पाच, दहाच्या नोटा घ्या. घट्ट बसणाऱ्या, सहज निघणाऱ्या चपला हव्यात, कारण मंदिरं आणि मशीद दोन्हीकडे त्या काढाव्या लागतात. छत्री हवीच. तिथली दुपार मुंबईच्या मे महिन्यासारखी चिकट असते आणि सर न सांगता येते. खांदे आणि गुडघे झाकणारे सुती कपडे घातलेत की दिवसभर कुठेच अडत नाही.

आईचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही दर अर्ध्या तासाला बसायचं ठरवलं होतं. जॉर्जटाउनमध्ये ते जमतं. दुकानांसमोर पाच फूट रुंदीची, छप्पर असलेली पडवी असते, तिच्यातून सावलीत चालता येतं. फक्त तिची फरशी एका दुकानापासून दुसऱ्या दुकानापर्यंत अचानक वर-खाली होते, तेव्हा वयस्कर माणसाचा हात धरा. थकवा आलाच तर शहराच्या मध्यभागात फिरणारी मोफत बस आहे, तिला कॅट म्हणतात. आणि ग्रॅबची, म्हणजे मोबाइलवरच्या ॲपने बोलवायची, गाडी पाच मिनिटांत येते.

रस्ता

गाइड आपला क्रम लावेलच, पण स्वतःला नकाशा माहीत असावा. घड्याळाचा मनोरा साठ फूट उंच आहे, राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांसाठी वर्षाला एक फूट. नीट पाहिलंत तर तो किंचित कललेला दिसतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्याचा हा परिणाम. शेजारचा किल्ला १७८६ मध्ये फ्रान्सिस लाइट ईस्ट इंडिया कंपनीसाठी जिथे उतरला त्या जागेवर आहे. किल्ल्यात आत जायला वेळ नसेल तर सोडा. आपल्याकडचे जलदुर्ग पाहिलेल्या माणसाला तो लहानच वाटेल.

मशीद कपितान केलिंग हा रस्ता मात्र सावकाश चाला. एकाच रस्त्याच्या आसऱ्याने १८१८ चं सेंट जॉर्ज चर्च, चिनी लोकांचं करुणादेवीचं मंदिर, १८३३ चं श्री महामारियम्मन मंदिर आणि १८०१ मध्ये भारतीय मुस्लिम व्यापाऱ्यांनी उभी केलेली कपितान केलिंग मशीद आहे. करुणादेवीच्या मंदिरापुढे उदबत्त्यांचे मोठमोठे खांब धुमसत असतात. दमा असेल तर लांबूनच हात जोडा. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी मशिदीत पर्यटकांना जाता येत नाही.

पुढे आर्मेनियन स्ट्रीट. तिथलं सायकलवरच्या दोन मुलांचं भित्तिचित्र लिथुआनियन चित्रकार अर्नेस्ट झाकारेविच यांनी २०१२ मध्ये काढलं. सायकल खरी आहे, मुलं रंगवलेली. फोटोची रांग लांब असेल तर तिथे वेळ घालवू नका, जवळच्या खू कोंगसीकडे वळा. खू घराण्याचं हे कुलमंदिर १९०१ मध्ये जळालं आणि १९०६ मध्ये पुन्हा उभं राहिलं. छताच्या कडेवरचं नक्षीकाम बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

शेवटी च्यू जेट्टी. समुद्रात खांब रोवून त्यावर फळ्यांची गल्ली आणि दोन्ही बाजूंना एकाच आडनावाच्या लोकांची घरं. घरं पाण्यावर, म्हणून जमिनीचा कर नव्हता. तिथे आजही माणसं राहतात. दारातून आत डोकावून फोटो काढू नका. आपल्या वाड्यात कुणी तसं केलेलं आपल्याला चालेल का, एवढं मनात ठेवलं की पुरे. ही जेट्टी शेवटी ठेवण्याचं कारण सोपं आहे: इथून किनाऱ्याच्या रस्त्याने सरळ धक्का गाठता येतो.

खायचं काय आणि कसं

पहिली सूचना ही की सकाळी जहाजावर पोटभर खाऊ नका. जहाजाचं खाणं रोज आहे. दुसरी, प्रत्येक पदार्थाची एकच बशी तिघा-चौघांत घ्या. चार ठिकाणी दोन-दोन घास खाल्लेत तर दिवस मिळतो. पहिल्याच ठिकाणी दोन बश्या संपवल्यात तर पुढचं सगळं नुसतं बघावं लागतं.

मासे खाणाऱ्यांनी आसाम लक्सा चुकवू नये. तांदळाच्या जाड शेवया, त्यावर माशाचा पातळ आंबट-तिखट रस्सा, वर काकडी, अननस, कांदा, पुदिना आणि एका जातीच्या आल्याच्या फुलाचे तुकडे. पहिला चमचा तोंडात घेतला आणि मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "अगं, हे तर बांगड्याचं तिखलं." तिचं चुकलं नव्हतं. या रश्शात परंपरेने वापरतात तो केंबुंग मासा बांगड्याच्याच कुळातला. आंबटपणासाठी चिंचेसोबत त्यात आसाम केपिंग नावाच्या फळाच्या सुकवलेल्या चकत्या पडतात, आणि ते झाड आपल्या कोकमाचं भावंड आहे, दोन्ही गार्सिनिया या एकाच वनस्पतिवंशातली. किनारा दुसरा, पण मासा तोच आणि त्याला आंबट करायची युक्तीही तीच. बाजूला चमच्यात काळसर, दाट असं काही देतात. ते हे-को, कोळंबीची गोडसर पेस्ट. आधी रस्सा तसाच चाखा, मग ती थोडी थोडी कालवा.

चार क्वे त्याव म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया, कोळंबी, शिंपल्या, अंडं आणि मोड आलेली कडधान्यं मोठ्या आचेवर परतलेली. गाडीजवळ उभं राहून बघा. जातिवंत गाडीवाला एका वेळी एकच बशी करतो. कढई धुरावते, लसूण पडतो, शेवया पडतात, कढईच्या कडेने ज्वाळ आत शिरते आणि दोन मिनिटांत बशी हातात. दहा बश्या एकदम केल्या तर कढई थंड पडते आणि शेवया परतायच्या ऐवजी शिजतात. तो भाजका वास जातो. म्हणून रांग लांब असली तरी थांबा. मात्र चिनी गाडीवर हा पदार्थ बऱ्याचदा डुकराच्या चरबीत करतात. चालत नसेल तर आधी विचारा. मुस्लिम गाड्यांवर चरबीशिवायचा मिळतो.

नासी कंदार हे पेनांगच्या तमिळ मुस्लिमांचं जेवण. नासी म्हणजे भात आणि कंदार म्हणजे आपली कावड. पूर्वी विक्रेते खांद्यावर कावड घेऊन, एका बाजूला भाताचं आणि दुसऱ्या बाजूला कालवणाचं भांडं लटकवून बंदरावरच्या कामगारांना जेवण विकत. आता दुकानं झाली, १९०७ पासूनचं हमीदिया त्यातलं जुनं. भातावर एकाच नव्हे तर तीन-चार कालवणांचे रस ओतून घेतात, त्याला "बंजिर" म्हणजे पूर म्हणतात. गोमांस चालत नसेल तर लक्षात ठेवा: त्याची कढईही तिथेच असते आणि पळी पुष्कळदा इकडून तिकडे जाते. "लेंबू" म्हणजे गाय-बैल, "कांबिंग" म्हणजे बकरी, "आयाम" म्हणजे कोंबडी.

गोडात चेंदोल. पंडन नावाच्या हिरव्या, सुवासिक पानांचा रस घातलेल्या मऊ शेवया, लाल राजमा, नारळाचं दूध, ताडगुळाचा पाक आणि किसलेला बर्फ. केंग क्वी स्ट्रीटवरची तेओचू चेंदोलची गाडी १९३६ पासून आहे. ती धक्क्यापासून तशी लांब, त्यामुळे गाइडच्या मार्गात नसेल तर येताना नव्हे, जाताना ग्रॅबने आधी तिथे जा आणि मग चालत खाली या. मालवणकडे शिरवाळ्या नारळाच्या गोड रसात बुडवून खाल्ल्या असतील तर ही चव ओळखीची वाटेल. आणि अगदी तंतोतंत शिरवाळ्याच हव्या असतील तर लिटल इंडियात "पुतु मायम" मागा: वाफवलेल्या तांदळाच्या शेवया, वर ओलं खोबरं आणि गूळ.

जायफळाचं सरबत मात्र कुणीही सोडू नका. आपण जायफळ म्हणून बी किसतो. पेनांगमध्ये तिच्यावरच्या फळाच्या गराचं सरबत करतात. कोकणात ज्यांच्या बागेत झाड आहे ते या सालीचं लोणचं घालतात, बाकीच्यांनी ती पाहिलेलीही नसते. सरबत ताजं असेल तर फिकट, ढगाळ रंगाचं येतं, त्यात एक खारवलेलं आंबट आलुबुखार तरंगत असतं. वास श्रीखंडाचा, चव आंबट आणि घशात किंचित उष्ण. गडद तपकिरी सरबत उकळलेल्या पाकाचं असतं. तेही चांगलं, पण विचारून ताजंच घ्या.

शाकाहारी असाल तर

इथे स्पष्ट लिहिते, कारण "थोडं विचारून घ्या" एवढ्यावर भागत नाही. पेनांगमध्ये भाजीच्या पदार्थातही बलाचान म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. रोजाक नावाचं फळांचं चाट दिसायला निर्धोक, पण त्याच्या चटणीत तीच कोळंबी. पोपियाच्या गुंडाळीत बहुधा खेकडा. तेव्हा गाइडला बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा की मासे, कोळंबी, त्यांची पेस्ट आणि चरबी यांतलं काहीच नको; अंडं चालतं की नाही तेही लिहा. नुसतं शाकाहारी म्हटलं की कुणी वरचे तुकडे काढून देईल आणि रस्सा तोच ठेवेल.

तीन शब्द कामाला येतात. तमिळ दुकानात "सैवम" म्हणा, नेमकं कळतं. मलय माणसाला "तक माऊ इकान, तक माऊ उदांग" म्हणजे मासा नको, कोळंबी नको. आणि चिनी भागात "चाय" म्हणा. ही बौद्ध शाकाहाराची परंपरा आहे, तिच्यात पुष्कळदा कांदा-लसूणही नसतो. त्यामुळे जैन मंडळींची सोय लिटल इंडियापेक्षा तिथे चांगली होऊ शकते, फक्त कंद आणि अंडं विचारा. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच चिनी लोक शाकाहार पाळतात. आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचेच ते दिवस, तेव्हा असं खाणं जास्त मिळतं.

लिटल इंडियात लेबू पेनांगवर शाकाहारी दक्षिणी उपाहारगृहं आहेत. केळीच्या पानावरचं जेवण, डोसा सगळं मिळतं. पण इथवर येऊन नुसता डोसा खाऊ नका. रोती चनाय घ्या, म्हणजे पदर सुटलेला पराठा, डाळीच्या आमटीबरोबर. तव्यावर करण्याआधी तो माणूस कणकेचा गोळा हवेत फिरवून रुमालाएवढा पातळ करतो. आमटीत मासा पडला नाही ना, एवढं विचारा. सोबत तेह तारिक, म्हणजे ओढलेला चहा. दोन भांड्यांत हातभर अंतरावरून चहा ओततात, त्याला फेस येतो आणि तो पिण्याजोगा निवतो. त्यात कंडेन्स्ड दूध असतं, म्हणून साखर कमी करायला "कुरांग मानिस" म्हणा.

परतताना

गाइडला बक्षिसी द्यायची सक्ती नाही, पण काम मनापासून केलं असेल तर जरूर द्या. शिजवलेलं अन्न बांधून जहाजावर नेऊ देत नाहीत. बंद पाकिटातलं चालतं. मुगाच्या सारणाची खुसखुशीत बिस्किटं, तिथे त्यांना ताऊ सार पिया म्हणतात, घरी न्यायला उत्तम. जुन्या पद्धतीत तीही डुकराच्या चरबीत करतात. डब्यावर वनस्पती तेल लिहिलंय का ते वाचा, नाहीतर तोंडी विचारून घ्या. सुकवलेलं, साखरेत मुरवलेलं जायफळाचं साल लहान पुड्यांत मिळतं. आईने चार पुड्या घेतल्या. त्यातली एक च्यू जेट्टीवरून धक्क्याकडे येतानाच संपली.